हँक विल्यम्स

हायरम किंग विल्यम्स ऊर्फ हँक विल्यम्स (१७ सप्टेंबर, १९२३ – १ जानेवारी, १९५३) हे अमेरिकन गायक, गीतकार आणि गिटारवादक होते. अमेरिकेच्या दक्षिण भागात विकसित झालेल्या कंट्री संगीताच्या इतिहासातील सर्वाधिक प्रभावी कलावंतांमध्ये त्यांची गणना होते. विरह, प्रेमभंग आणि एकाकीपणा हे त्यांच्या गीतलेखनाचे प्रमुख विषय होते. पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रिका ते मृत्यू हा त्यांचा काळ जेमतेम सहा वर्षांचा आहे. तेवढ्या अवधीत त्यांनी लिहिलेली आणि गायलेली अनेक गीते कंट्री संगीताची प्रमाण रचना ठरली. सप्टेंबर १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झालेले 'युअर चीटिन हार्ट' हे गीत प्रेमभंगाच्या कंट्री गीतांचा आदर्श नमुना मानले जाते. वयाच्या २९ व्या वर्षी, एका कार्यक्रमासाठी प्रवास करीत असताना मोटारीतच त्यांचे निधन झाले.

जन्म आणि बालपण

विल्यम्स यांचा जन्म अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील बटलर काउंटीमधील माउंट ऑलिव्ह या लहानशा वस्तीत झाला. वडील लोन विल्यम्स हे लाकूड कंपनीच्या रेल्वेवर इंजिनचालक होते, तर आई लिली या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असत. आईशेजारी बसून ऐकलेली बाप्टिस्ट पंथाची भजने हा हँक यांच्यावरील पहिला सांगीतिक संस्कार होता. आयरीन ही त्यांची थोरली बहीण होय.

हँक यांच्या मणक्यात जन्मतःच दोष होता. स्पायना बायफिडा ऑकल्टा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात मणक्याचा काही भाग पूर्णपणे जुळून येत नाही. बालपणी त्याचे निदान झाले नाही. परिणामी अंगमेहनतीची कामे आणि खेळ त्यांना झेपत नसत. पाठदुखी त्यांना आयुष्यभर जडली. पुढे मद्य आणि वेदनाशामक औषधे यांच्या आहारी जाण्यामागे हे एक मोठे कारण होते.

१९३० मध्ये वडिलांना मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकारामुळे माजी सैनिकांच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करी सेवा बजावली होती. पुढील सुमारे आठ वर्षे ते घरापासून दूर रुग्णालयातच राहिले. हा काळ जागतिक महामंदीचा होता. घराची सर्व जबाबदारी लिली यांच्यावर आली. त्यांनी जॉर्जियाना आणि नंतर ग्रीनव्हिल या गावांत भाडेकरूंसाठी खाणावळवजा वसतिगृहे चालवून मुलांना वाढवले. लहान वयात हँक रस्त्यावर शेंगदाणे विकणे, बुटांना पॉलिश करणे अशी कामे करून घरखर्चाला हातभार लावीत.

रुफस पेन यांचे मार्गदर्शन

जॉर्जियाना आणि ग्रीनव्हिलच्या रस्त्यांवर गाऊन पोट भरणारे रुफस पेन हे कृष्णवर्णीय गायक हँक यांचे पहिले आणि एकमेव प्रत्यक्ष गुरू होते. 'टी-टॉट' या टोपणनावाने ते ओळखले जात. हँक त्यांच्यामागे गावभर फिरत आणि गिटार शिकत. मोबदला म्हणून लिली या पेन यांना थोडे पैसे किंवा जेवण देत असत. गिटारवरील सुरांचे मेळ, लय धरून ठेवण्याची पद्धत आणि ब्लूज संगीतातील आर्त स्वरलगाव हँक यांनी पेन यांच्याकडून आत्मसात केला. रस्त्यावरच्या श्रोत्यांना थांबवून ठेवण्याचे कसबही ते त्यांच्याकडूनच शिकले.

त्या काळी अलाबामात वर्णभेदाचे कायदे लागू होते. शाळा, चर्च, रेल्वेचे डबे आणि नाट्यगृहे यांत गोरे व कृष्णवर्णीय यांच्यासाठी स्वतंत्र व्यवस्था होती. अशा समाजात एका गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीय कलावंताचे शिष्यत्व पत्करणे ही असामान्य गोष्ट होती. कीर्ती मिळाल्यानंतर विल्यम्स यांनी आपल्या शिक्षणाचे श्रेय जाहीरपणे पेन यांना दिले. मात्र पेन यांना त्याचा काहीच लाभ झाला नाही. विल्यम्स प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधी, १९३९ मध्ये, माँटगोमेरी येथे गरिबीतच त्यांचे निधन झाले होते. त्यांच्या आवाजाची कोणतीही ध्वनिमुद्रिका ज्ञात नाही. शिष्याच्या गायनातूनच त्यांच्या कलेचा अंदाज बांधावा लागतो.

माँटगोमेरी आणि रेडिओ

१९३७ मध्ये हे कुटुंब अलाबामाची राजधानी माँटगोमेरी येथे स्थलांतरित झाले. याच सुमारास हायरम हे नाव मागे पडून हँक हे अधिक सुटसुटीत नाव रूढ झाले. शहरातील एम्पायर थिएटरमध्ये झालेल्या स्पर्धेत स्वतः रचलेले गीत गाऊन त्यांनी १५ डॉलरचे पहिले बक्षीस मिळवले. डब्ल्यूएसएफए या स्थानिक रेडिओ केंद्राच्या इमारतीसमोरील पदपथावर ते गात असत. केंद्राच्या लोकांचे लक्ष वेधले गेल्यावर त्यांना आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम मिळाला.

रेडिओवरील प्रसिद्धीच्या आधारे त्यांनी 'ड्रिफ्टिंग काउबॉइज' हा आपला वाद्यवृंद उभा केला. पुढील काळात वादक बदलत राहिले तरी वृंदाचे हे नाव कायम राहिले. १९३९ मध्ये त्यांनी शाळा सोडली. कार्यक्रम ठरवणे, वादकांना गोळा करणे आणि प्रवेशद्वारावर तिकिटांचे पैसे घेणे ही व्यवस्थापकाची सर्व कामे आई लिली करीत असत.

या वृंदाचे कार्यक्रम मुख्यतः 'हाँकी-टाँक' नावाने ओळखल्या जाणाऱ्या मद्यालयांत होत. कष्टकरी लोकांच्या या ठिकाणी गोंगाट, नाच आणि मारामाऱ्या नित्याच्या होत्या. गोंगाटातून ऐकू यावे म्हणून येथील संगीतात विजेवर चालणारी स्टील गिटार, ठाशीव ताल आणि मोठा मोकळा आवाज यांना महत्त्व आले. गावाकडचे घर आणि आईवडील यांच्या आठवणींऐवजी मद्यपान, फसवणूक आणि मोडलेले संसार हे विषय गीतांत आले. विल्यम्स यांची शैली याच वातावरणात घडली आणि त्यांचे मद्यपानही येथेच वाढले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाठीच्या विकारामुळे ते लष्करी भरतीत अपात्र ठरले, तर त्यांचे अनेक सहकारी सैन्यात गेले. १९४२ मध्ये सततच्या मद्यपानामुळे रेडिओ केंद्राने त्यांना कामावरून काढले. युद्धकाळात काही काळ त्यांनी मोबिल येथील जहाजबांधणीच्या गोदीत काम केले.

विवाह

१९४३ मध्ये अलाबामातील एका गावी फिरत्या औषधविक्रेत्यांच्या खेळात विल्यम्स यांची ऑड्री शेपर्ड यांच्याशी भेट झाली. ऑड्री यांना पहिल्या विवाहापासून लायक्रिशा नावाची मुलगी होती. डिसेंबर १९४४ मध्ये अँडालुझिया येथील एका पेट्रोल पंपावर, तेथील स्थानिक दंडाधिकाऱ्यापुढे दोघांचा विवाह झाला. ऑड्री यांच्या घटस्फोटानंतर पुनर्विवाहासाठी आवश्यक असलेली मुदत तेव्हा पूर्ण झालेली नव्हती, त्यामुळे हा विवाह कायद्याच्या दृष्टीने सदोष होता.

ऑड्री महत्त्वाकांक्षी होत्या आणि पतीच्या यशात त्यांच्या आग्रहाचा मोठा वाटा होता. त्यांना स्वतःलाही गायिका व्हायचे होते, मात्र त्यांचा आवाज फारसा नावाजला गेला नाही. पतीचे मद्यपान, दोघांचे तापट स्वभाव, परस्परांवरील संशय आणि सासू-सुनेतील वैर यांमुळे हा संसार सतत भांडणे आणि समेट यांच्या फेऱ्यात राहिला. विल्यम्स यांची बहुतेक प्रसिद्ध प्रेमभंगाची गीते याच नात्यातून निर्माण झाली, असे त्यांच्या चरित्रकारांचे मत आहे.

फ्रेड रोझ आणि पहिल्या ध्वनिमुद्रिका

सप्टेंबर १९४६ मध्ये विल्यम्स हे टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे एकफ-रोझ या संगीत प्रकाशन संस्थेचे सहसंस्थापक फ्रेड रोझ यांना भेटले. लोकप्रिय गायक रॉय एकफ आणि रोझ यांनी १९४२ मध्ये ही संस्था स्थापन केली होती. एकफ हे स्वतः विल्यम्स यांचे आवडते गायक होते. रोझ यांना शहरी लोकप्रिय गीतांच्या लेखनाचा दीर्घ अनुभव होता. त्यांनी विल्यम्स यांना आधी गीतकार म्हणून आणि नंतर गायक म्हणून करारबद्ध केले.

दोघांमधील नाते कंट्री संगीतातील सर्वात फलदायी भागीदारींपैकी एक ठरले. विल्यम्स यांचे शालेय शिक्षण अपुरे होते आणि त्यांना स्वरलिपी येत नव्हती. ते वह्यांत आणि कागदाच्या चिठोऱ्यांवर ओळी लिहून आणीत. रोझ त्या तपासून रचना घट्ट करीत, अनावश्यक शब्द काढीत आणि ध्वनिमुद्रणाची देखरेख करीत. अनेक गीतांवर असे संस्कार करूनही बहुतेक वेळा त्यांनी गीतकार म्हणून स्वतःचे नाव लावले नाही.

डिसेंबर १९४६ मध्ये स्टर्लिंग या लहान कंपनीसाठी विल्यम्स यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. त्या तबकड्यांना मिळालेल्या प्रतिसादामुळे १९४७ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या एमजीएम रेकॉर्ड्सने त्यांना करारबद्ध केले. त्याच वर्षीचे 'मूव्ह इट ऑन ओव्हर' हे त्यांचे पहिले यशस्वी गीत होय. रात्री उशिरा घरी परतलेल्या आणि पत्नीने दार न उघडल्याने कुत्र्याच्या खोपट्यात झोपायला गेलेल्या नवऱ्याचे हे विनोदी गीत आहे.

'लव्हसिक ब्लूज' आणि ग्रँड ओल ऑप्री

ऑगस्ट १९४८ मध्ये विल्यम्स हे लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथून प्रसारित होणाऱ्या 'लुइझियाना हेराइड' या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाले. तेथे ते गात असलेल्या 'लव्हसिक ब्लूज' या जुन्या गीताला श्रोत्यांचा मोठा प्रतिसाद मिळू लागला. क्लिफ फ्रेंड आणि अर्व्हिंग मिल्स यांनी १९२२ मध्ये रचलेले हे गीत मूळचे रंगभूमीवरील होते. रोझ यांना ते पसंत नव्हते, तरी विल्यम्स यांच्या आग्रहामुळे डिसेंबर १९४८ मध्ये ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथील हर्झॉग स्टुडिओत त्याचे ध्वनिमुद्रण झाले. आवाज मध्येच फोडून वरच्या पट्टीत नेणारी योडेल पद्धतीची गायकी हे या मुद्रिकेचे वैशिष्ट्य होते. बिलबोर्ड नियतकालिकाच्या कंट्री यादीत हे गीत १९४९ मध्ये १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

या यशामुळे नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या देशातील सर्वात प्रतिष्ठित कंट्री कार्यक्रमाची दारे त्यांच्यासाठी उघडली. ११ जून, १९४९ रोजी रायमन सभागृहात त्यांनी प्रथम गायन केले. श्रोत्यांच्या आग्रहामुळे त्यांना तेच गीत पुन्हा पुन्हा गावे लागले. त्याच्या काही दिवस आधी, २६ मे रोजी, विल्यम्स दांपत्याला मुलगा झाला. हा मुलगा पुढे हँक विल्यम्स ज्युनियर या नावाने प्रसिद्ध गायक झाला.

स्टील गिटारवादक डॉन हेल्म्स आणि फिडलवादक जेरी रिव्हर्स यांचा समावेश असलेला नवा वृंद याच काळात तयार झाला. १९५० आणि १९५१ या दोन वर्षांत 'लाँग गॉन लोनसम ब्लूज', 'व्हाय डोन्ट यू लव्ह मी', 'मोनिन द ब्लूज' आणि 'हे, गुड लुकिन' ही गीते पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

याच काळात त्यांनी 'ल्यूक द ड्रिफ्टर' या टोपणनावाने संगीताच्या साथीवर नीतिपर काव्यवाचनाच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. टोपणनाव घेण्यामागे व्यावसायिक कारण होते. मद्यालयांतील नाणे टाकून वाजणाऱ्या ज्यूकबॉक्स यंत्रांचे चालक विल्यम्स यांचे नाव पाहून तबकड्या न ऐकताच मागवीत. मद्यालयात उपदेशपर वाचन वाजल्यास गिऱ्हाईक नाराज होईल आणि चालक पुढील मागणी कमी करतील, अशी भीती होती. दोन नावांमुळे दोन्ही प्रकारच्या तबकड्या वेगळ्या राहिल्या.

प्रेमभंगाची गीते

विल्यम्स यांच्या शोकगीतांची भाषा अत्यंत साधी आहे. रोजच्या बोलण्यातील छोटे शब्द, सरळ वाक्ये आणि सहज लक्षात राहणारी चाल ही त्यांची लक्षणे होत. गीतातील वक्ता बहुधा एका विशिष्ट व्यक्तीला उद्देशून बोलतो, त्यामुळे श्रोत्याला दुसऱ्याचे खाजगी बोलणे कानावर पडल्याचा भास होतो. दुःखाचे वर्णन गीतात शब्दांनी मोजकेच येते. उरलेला भार स्टील गिटारचे ओढलेले स्वर आणि गायकाच्या आवाजातील कंप उचलतात.

'आय'म सो लोनसम आय कुड क्राय' हे गीत ३० ऑगस्ट, १९४९ रोजी सिनसिनाटी येथे ध्वनिमुद्रित झाले. रात्रीचे पक्षी, दूरवरून जाणारी आगगाडी, ढगाआड गेलेला चंद्र अशा प्रतिमांतून त्यात एकाकीपणा व्यक्त होतो. प्रेयसीचा उल्लेख अगदी शेवटी येतो. तबकडीच्या मुख्य बाजूवर 'माय बकेट्स गॉट अ होल इन इट' हे उडते गीत होते आणि हे गीत दुसऱ्या बाजूवर टाकले गेले होते. मुख्य बाजूचे गीत विल्यम्स यांनी रुफस पेन यांच्याकडून घेतल्याचे मानले जाते. प्रकाशनाच्या वेळी फारसे लक्ष न वेधलेले हे दुसऱ्या बाजूचे गीत पुढील दशकांत त्यांच्या सर्वोत्कृष्ट रचनांमध्ये गणले जाऊ लागले. बी. जे. थॉमस यांनी १९६६ मध्ये आणि एल्व्हिस प्रेसली यांनी १९७३ मध्ये हवाई येथील दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते गायले.

'कोल्ड, कोल्ड हार्ट' हे गीत डिसेंबर १९५० मध्ये ध्वनिमुद्रित झाले. पूर्वीच्या दुःखामुळे कोणावरही विश्वास ठेवू न शकणाऱ्या स्त्रीला उद्देशून ते रचलेले आहे. रुग्णालयात असलेल्या ऑड्री यांनी भेटीस आलेल्या पतीशी धरलेल्या अबोल्यातून हे गीत सुचले, असे चरित्रकार सांगतात. १९५१ मध्ये कंट्री यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे तरुण गायक टोनी बेनेट यांनी मोठ्या वाद्यवृंदाच्या साथीने ते गायले आणि त्यांची आवृत्ती लोकप्रिय संगीताच्या राष्ट्रीय यादीत पहिली आली. बेनेट सुरुवातीला कंट्री गीत गाण्यास तयार नव्हते. कंपनीचे निर्माते मिच मिलर यांनी त्यांचे मन वळवले होते. या यशानंतर शहरी गायक विल्यम्स यांच्या रचनांकडे वळले. ग्रामीण, अशिक्षितांचे म्हणून हिणवले जाणारे संगीत आणि राष्ट्रीय बाजारपेठ यांतील अंतर यामुळे बरेच कमी झाले.

१९५२ : अखेरचे वर्ष

डिसेंबर १९५१ मध्ये नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट रुग्णालयात विल्यम्स यांच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली. पुरेशी विश्रांती न घेतल्याने वेदना कायम राहिल्या आणि औषधांवरील अवलंबित्व वाढले. जानेवारी १९५२ मध्ये पती-पत्नी विभक्त झाले आणि वर्षाच्या मध्यास घटस्फोट झाला. तडजोडीनुसार मुलाचा ताबा आणि घर ऑड्री यांच्याकडे गेले. शिवाय पुनर्विवाह करीत नाहीत तोपर्यंत पतीच्या पुढील स्वामित्वधनाचा अर्धा हिस्सा त्यांना मिळणार होता. ऑड्री यांनी पुन्हा विवाह केला नाही.

कार्यक्रमांना न येणे किंवा नशेत मंचावर येणे असे प्रकार वाढल्यामुळे ऑगस्ट १९५२ मध्ये ग्रँड ओल ऑप्रीने त्यांना काढून टाकले. ते पुन्हा लुइझियाना हेराइडकडे परतले. बनावट पदवीच्या आधारे डॉक्टर म्हणवणाऱ्या एका इसमाने याच काळात त्यांना क्लोरल हायड्रेट हे गुंगीचे औषध नियमितपणे देण्यास सुरुवात केली. मद्यासोबत हे औषध घेणे घातक असते.

याउलट त्यांचे व्यावसायिक यश शिखरावर होते. लुइझियानातील फ्रेंच वंशीयांच्या खाद्यपदार्थांचा आणि बोलीचा उल्लेख असलेले 'जांबालाया' हे आनंदी गीत त्याच वर्षी १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

१८ ऑक्टोबर, १९५२ रोजी विल्यम्स यांनी लुइझियानातील मिंडेन येथे बिली जीन जोन्स यांच्याशी विवाह केला. दुसऱ्या दिवशी न्यू ऑर्लिन्सच्या सभागृहात, तिकीट काढून आलेल्या हजारो प्रेक्षकांसमोर हा विवाहविधी दोनदा पुन्हा करण्यात आला. बिली जीन यांचा आधीचा घटस्फोट तोपर्यंत कायदेशीररीत्या पूर्ण झालेला नसल्याने हा विवाहही पुढे वादग्रस्त ठरला.

'युअर चीटिन हार्ट'

बिली जीन यांच्यासोबत विवाहाची वार्ता त्यांच्या आईवडिलांना सांगण्यासाठी श्रीव्हपोर्टकडे मोटारीने जात असताना विल्यम्स आपल्या पहिल्या पत्नीविषयी बोलत होते. त्या बोलण्यातूनच गीताचे शब्द सुचले आणि त्यांनी सांगितलेल्या ओळी बिली जीन यांनी लिहून घेतल्या, असा वृत्तांत त्यांच्या चरित्रांत आढळतो. अशा रीतीने पहिल्या पत्नीला उद्देशून रचलेले गीत भावी पत्नीच्या हस्ताक्षरात प्रथम उतरले.

गीतातील वक्ता विश्वासघात करणाऱ्या स्त्रीला शिक्षा करण्याची धमकी देत नाही किंवा परत येण्याची विनवणीही करीत नाही. तिचे स्वतःचेच मन एक दिवस तिच्याविरुद्ध साक्ष देईल, तिची झोप उडेल आणि तेव्हा ती आपल्यासारखीच येरझाऱ्या घालील, एवढेच तो सांगतो. आरोप आणि दुःख एकाच वेळी व्यक्त करणारी ही मांडणी गीताच्या परिणामाचे मुख्य कारण मानली जाते. रचनेच्या दृष्टीने ते त्या काळच्या लोकप्रिय गीतांप्रमाणे चार भागांचे आहे. पहिला, दुसरा आणि चौथा भाग एका चालीवर असून तिसरा भाग चढ्या स्वरांत वेगळा बांधलेला आहे.

२३ सप्टेंबर, १९५२ रोजी नॅशव्हिलच्या टुलेन हॉटेलमधील कॅसल स्टुडिओत त्याचे ध्वनिमुद्रण झाले. निर्मिती फ्रेड रोझ यांची होती. डॉन हेल्म्स यांनी स्टील गिटार, टॉमी जॅक्सन यांनी फिडल आणि चेट अ‍ॅटकिन्स यांनी गिटार वाजवली. आरंभीचा स्टील गिटारचा तुकडा कंट्री संगीतातील सर्वाधिक ओळखीच्या सुरावटींपैकी एक आहे. त्याच बैठकीत 'कॉ-लायजा' आणि 'टेक दीज चेन्स फ्रॉम माय हार्ट' ही गीतेही मुद्रित झाली. प्रकृती खालावलेली असूनही त्या दिवशीच्या गायनात त्याची खूण जाणवत नाही. ही विल्यम्स यांची अखेरची ध्वनिमुद्रण बैठक ठरली.

जानेवारी १९५३ च्या अखेरीस, गायकाच्या मृत्यूनंतर, 'कॉ-लायजा' या गीताची दुसरी बाजू म्हणून ते प्रकाशित झाले. दोन्ही बाजू पहिल्या क्रमांकावर पोहोचल्या. 'युअर चीटिन हार्ट' सहा आठवडे अग्रस्थानी राहिले. त्याच वर्षी जोनी जेम्स यांची आवृत्ती लोकप्रिय संगीताच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. पुढे पॅट्सी क्लाइन आणि एल्व्हिस प्रेसली यांनी ते गायले. कृष्णवर्णीय गायक रे चार्ल्स यांनी १९६२ मध्ये आपल्या कंट्री गीतांच्या दुसऱ्या संग्रहात ते समाविष्ट केले. ब्लूजच्या संस्कारातून आलेले हे संगीत अशा प्रकारे पुन्हा त्या परंपरेतील गायकाकडे पोहोचले.

घटस्फोटाच्या तडजोडीमुळे या गीताच्या उत्पन्नातील हिस्सा ऑड्री यांनाही मिळत राहिला.

मृत्यू

विल्यम्स यांचे ३१ डिसेंबर, १९५२ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्सटन येथे आणि १ जानेवारी, १९५३ रोजी ओहायोतील कँटन येथे कार्यक्रम ठरले होते. खराब हवामानामुळे विमानप्रवास शक्य झाला नाही. एका महाविद्यालयीन तरुणाला चालक म्हणून घेऊन ते आपल्या कॅडिलॅक मोटारीने निघाले. चार्ल्सटनचा कार्यक्रम रद्द करावा लागला. टेनेसीतील नॉक्सव्हिल येथील हॉटेलात एका डॉक्टरने त्यांना जीवनसत्त्व ब-१२ आणि मॉर्फिन यांची इंजेक्शने दिली. त्यानंतर रात्रीच मोटार कँटनकडे निघाली. १ जानेवारीच्या पहाटे वेस्ट व्हर्जिनियातील ओक हिल येथे, मागील आसनावरील विल्यम्स यांचा मृत्यू झाल्याचे चालकाच्या लक्षात आले. शवविच्छेदनात हृदयक्रिया अपुरी पडणे हे मृत्यूचे कारण नोंदवण्यात आले. मृत्यूच्या वेळी प्रसारात असलेल्या त्यांच्या तबकडीचे शीर्षक या जगातून जिवंत सुटका नाही अशा अर्थाचे होते. तेही गीत त्या महिन्यात पहिल्या क्रमांकावर गेले.

कँटन येथे जमलेल्या प्रेक्षकांना ही बातमी मंचावरून सांगण्यात आली. आधी अनेकांना हा कार्यक्रम टाळण्याचा बहाणा वाटला. इतर कलावंतांनी विल्यम्स यांचे 'आय सॉ द लाइट' हे भक्तिगीत गायल्यावर प्रेक्षकही त्यात सामील झाले. ४ जानेवारी रोजी माँटगोमेरीच्या नगर सभागृहात अंत्यविधी झाला. सभागृहात आणि बाहेर मिळून १५,००० ते २५,००० लोक उपस्थित असल्याचा अंदाज आहे. अर्नेस्ट टब, रॉय एकफ आणि रेड फोली यांनी गायन केले. पाच महिन्यांपूर्वी त्यांना काढून टाकणाऱ्या ऑप्रीचे अनेक कलावंत तेथे हजर होते. माँटगोमेरीतील ओकवुड दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

वारसाहक्काचे वाद

विल्यम्स यांच्या गीतांचे उत्पन्न मृत्यूनंतर वाढतच गेल्याने त्यांच्या वारशावर दीर्घकाळ खटले चालले. ऑड्री आणि बिली जीन या दोघींनी विधवा म्हणून हक्क सांगितला. बिली जीन यांनी प्रारंभी ठरावीक रक्कम घेऊन दावा सोडला होता. मात्र स्वामित्व हक्काच्या नूतनीकरणाच्या वेळी न्यायालयाने त्यांचा वाटा मान्य केला.

मृत्यूनंतर पाच दिवसांनी, ६ जानेवारी, १९५३ रोजी, बॉबी जेट यांच्यापासून झालेल्या विल्यम्स यांच्या मुलीचा जन्म झाला. जन्मापूर्वीच विल्यम्स यांनी तिच्या पालनपोषणाविषयी करार केला होता. लिली यांनी नातीला दत्तक घेतले, पण १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मुलगी दुसऱ्या कुटुंबाकडे गेली. आपले वडील कोण हे तिला प्रौढ वयात कळले. जेट विल्यम्स या नावाने गायिका झालेल्या या मुलीने न्यायालयीन लढा दिला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा वारसाहक्क मान्य केला.

सन्मान आणि वारसा

१९६१ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमची स्थापना झाली तेव्हा जिमी रॉजर्स आणि फ्रेड रोझ यांच्यासह पहिल्या तीन मानकऱ्यांत विल्यम्स यांचा समावेश होता. १९८७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्येही त्यांना स्थान मिळाले. २०१० मध्ये पुलित्झर पुरस्कार मंडळाने त्यांना मरणोत्तर विशेष सन्मान दिला.

१९६४ मध्ये 'युअर चीटिन हार्ट' याच नावाचा चरित्रपट प्रदर्शित झाला. त्यात जॉर्ज हॅमिल्टन यांनी प्रमुख भूमिका केली, तर गीते किशोरवयीन हँक विल्यम्स ज्युनियर यांनी गायली. २०१५ मध्ये टॉम हिडलस्टन यांची भूमिका असलेला 'आय सॉ द लाइट' हा चित्रपट आला. बॉब डिलन यांच्यासह अनेक गीतकारांनी विल्यम्स यांचा प्रभाव मान्य केला आहे. १९५१ मध्ये पीठ उत्पादक कंपनीच्या पुरस्काराने झालेल्या त्यांच्या पहाटेच्या रेडिओ कार्यक्रमांच्या तबकड्या कचऱ्यातून वाचवण्यात आल्या होत्या. त्या २००८ पासून प्रकाशित झाल्याने त्यांच्या गायनाचा मोठा अपरिचित साठा उपलब्ध झाला. माँटगोमेरी येथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आणि पुतळा आहे. जॉर्जियाना येथील त्यांचे बालपणीचे घरही संग्रहालय म्हणून जतन करण्यात आले आहे.

बिलबोर्ड कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली निवडक गीते

• लव्हसिक ब्लूज (१९४९)
• लाँग गॉन लोनसम ब्लूज (१९५०)
• व्हाय डोन्ट यू लव्ह मी (१९५०)
• मोनिन द ब्लूज (१९५०)
• कोल्ड, कोल्ड हार्ट (१९५१)
• हे, गुड लुकिन (१९५१)
• जांबालाया (१९५२)
• कॉ-लायजा (१९५३, मरणोत्तर)
• युअर चीटिन हार्ट (१९५३, मरणोत्तर)
• टेक दीज चेन्स फ्रॉम माय हार्ट (१९५३, मरणोत्तर)